कापून टाकलेल्या कडा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ अंदाजाने लिहीत नाही, कॅमेऱ्याने फोटोसोबत नोंदवून ठेवलीय.

जुन्या प्रसूतिगृहाच्या तळमजल्यावरची तीन नंबरची खोली. इमारत बंद पडून सात वर्षं झाली. आता ती आतून पाडून तिथे कचेऱ्या करणार आहेत. पाडण्याआधी प्रत्येक खोलीचा फोटो हवा, म्हणून आर्किटेक्टने काम मामाला दिलं, आणि मामाची पाठ धरली म्हणून मामाने मला. एकूण एकेचाळीस खोल्या. प्रत्येक फोटोत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दोन मीटरची मापाची काठी उभी हवी, म्हणजे फोटोवरून दारं-खिडक्यांची उंची काढता येते. ती काठी धरायला आर्किटेक्टच्या ऑफिसातून एकजण येते. तिथे नकाशे काढते. मी मनात तिचं नाव काठीवाली ठेवलं होतं. म्हणजे अकरा दहापर्यंत.

फोटो काढून मी तिला कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा दाखवला. डोळे बारीक करून ती म्हणाली, "तुमच्या फोटोतली जमीन डावीकडे वाहतेय. इथे बादली लवंडली तर सगळं पाणी त्या कोपऱ्यात." आणि हसली.

चूक दाखवणाऱ्याशी माझं कधीच पटलेलं नाही. मागच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या सरांनी वही तिसऱ्यांदा परत केली तेव्हा मी ती त्यांच्या टेबलावर आपटली, निघताना दार आपटलं, दाराची काच खळकन खाली आली, आणि तेव्हापासून मी कॉलेजात पाऊल ठेवलेलं नाही. मला कोणी काढलं नाही. मीच गेलो नाही. पण आज राग आलाच नाही. ती हसली आणि मी पण बावळटासारखा हसलो.

घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो तीन अंश फिरवला आणि तिरक्या झालेल्या कडा कापून टाकल्या. जमीन सपाट. मधोमध ती. कॅमेऱ्याकडे नाही, जराशी डावीकडे बघतेय. लाजली असणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आई मशीनवर दादाच्या कामाच्या शर्टाला कोपराशी ठिगळ लावत होती. राखाडी दोरा संपला म्हणून हिरव्याने शिवलं. दादा म्हणाला, "असू दे, मला कोण बघतंय." तो त्याच इमारतीत असतो, भिंती ठोकून ठोकून कुठली पडेल आणि कुठली टिकेल ते बघायचं त्याचं काम. आर्किटेक्टकडे मामासाठी शब्दही त्यानेच टाकला होता. ते मला त्याने सांगितलं नाही, मामाने सांगितलं. दादा असाच आहे. त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागते.

फोटो वाकडे येतात म्हटल्यावर आई मशीन थांबवून म्हणाली, "पोटातसुद्धा आडवाच होतास तू. त्याच इमारतीत डॉक्टरीणबाईंना घाम फोडलास."

मामाकडे गेलो. मामाचा कॅमेरा डिजिटल असला तरी रेंजफाइंडर आहे. म्हणजे लेन्समधून बघायचं नाही, शेजारच्या खिडकीतून बघायचं. लेन्सला काय दिसतंय आणि आपल्याला काय दिसतंय यात कायम थोडा फरक. शिवाय ही लेन्स इतकी रुंद बघते की त्या खिडकीत सगळं मावतच नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा भिंगाचा डोळा बसवावा लागतो. कॅमेरा आडवा सरळ आहे का हे बघायला नखाएवढी पाणसळ आहे, आत बुडबुडा असलेली. गंमत अशी की डोळा आणि पाणसळ दोन्ही एकाच खाचेत बसतात. एक बसवलं की दुसरं काढायचं.

"मग एकाच वेळी बघायचं आणि सरळ करायचं कसं?" मी म्हटलं.

"करायचंच नाही," मामा म्हणाला. "आधी डोळा लाव, चौकट ठरव. मग डोळा काढ, पाणसळ लाव, बुडबुडा मध्ये आण. मग कॅमेऱ्याला हात लावू नकोस, तोंड वर-खाली करू नकोस, नाहीतर भिंती पडायला लागतील. छत हवं असेल तर तिवई उंच कर. माणूस नेहमी मधोमध. आणि बटण दाब."

"म्हणजे बटण दाबताना आपण आंधळे."

"तेवढा विश्वास ठेवायला शीक."

मला हे सगळं भंपक वाटलं. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत सरळ होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळे बारा फोटो परत आले. आर्किटेक्ट मामाला फोनवर म्हणाले की खोलीचे चारही कोपरे हवेत, अर्धं दार कापलेला फोटो आम्ही काय देव्हाऱ्यात ठेवू? सोमवार चोवीस तारखेला पाडकाम सुरू होणार. तोवर एकेचाळीस खोल्या पूर्ण आणि सरळ नसतील तर त्यांचा दुसरा माणूस तयार आहे.

मामा माझ्यावर ओरडला नाही. त्याने कापलेला फोटो आणि मूळ फोटो शेजारी लावले आणि म्हणाला, "तू जे कापलंस ते तिथे उभं होतं. तुला दिसायला नको होतं म्हणून ते नव्हतं असं होत नाही."

मी चिडून उठलो आणि दार आपटलं. मामाच्या स्टुडिओचं दार जड आहे, आपटायलाही नीट आपटत नाही.

काम गेलं तर ती गेली. एवढं मला कळतं. बाकी काही मला कळून घ्यायचं नाही. उद्यापासून पाणसळ, आणि ते बाराही फोटो पुन्हा.

१० फेब्रुवारी, सोमवार

ती मला अरे-तुरे करायला लागली!

मी तिवईपाशी बुडबुड्याशी झटापट करत होतो. तो इकडून तिकडे पळतो, मध्ये म्हणून थांबत नाही. ती काठी धरून उभी राहून कंटाळली असणार. म्हणाली, "जेवलास का रे? का तसाच?"

तसाच होतो. तिने पिशवीतून डबा काढून अर्धा मला दिला. तिच्या शेजारच्या खिडकीत चहाचे दोन कप होते, एक रिकामा, एक अर्धा. रोज कोणीतरी तिला चहा आणून ठेवतं. खालचा चहावाला असेल.

मग म्हणाली, "दारं आपटतोस म्हणे तू."

"कोणी सांगितलं?"

"कळतं."

आणि नंतर, "आईंचा गुडघा कसा आहे आता?"

आईच्या गुडघ्याचं मी तिला कधी सांगितलं ते आठवत नाही. पण गेले आठ दिवस मी तिच्यासमोर इतकं बडबडलोय की सांगितलं असणार. ध्यानात ठेवलं तिने! "तुझ्या आईचा" नाही म्हणाली, "आईंचा" म्हणाली. हे वाक्य मी घरी येताना रस्त्यात दहादा म्हणून बघितलं. समोरून येणाऱ्या बाई बाजूला झाल्या.

दादाला जेवताना विचारलं, मुलगी तुम्हीवरून तूवर आली याचा अर्थ काय? त्याने बराच वेळ घास चावला. म्हणाला, "माया वाटत असेल."

"नुसती माया?"

"मला काय विचारतोस," म्हणाला आणि पानावरून उठला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सतरा, अठरा आणि एकोणीस नंबरच्या खोल्यांचे फोटो उघडले. तिन्ही सरळ. कापायला काही उरलेलंच नाही, भिंती काटकोनात, जमीन तांब्यातल्या पाण्यासारखी सपाट. मी खुर्चीतून उठून नाचणार होतो.

मग अठरा नंबरच्या डाव्या कडेला बघितलं. दारात कोणीतरी उभं आहे. पाठमोरा, डोकं चौकटीआड. रुंद पाठ, पिंपासारखा दंड, अंगात जांभळट शर्ट. आणि ती त्याच्याकडे बघतेय. म्हणजे ती जे जराशी डावीकडे बघते, ते हे.

एकोणीसमध्ये पुन्हा. नुसता दंड आणि खांदा. तोच जाड्या, तोच जांभळा.

मी बुडबुड्याकडे बघत होतो तेव्हा हा येऊन उभा राहतो. आणि कॅमेऱ्याचा मागचा पडदा एवढासा, खिडकीच्या उजेडात त्यात काही दिसत नाही. दहा दिवस माझ्या पाठीमागे, नाही, माझ्या समोर हे चाललंय.

जेवलो नाही. आईने विचारलं तर पोट दुखतंय म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इमारतीतली माणसं मोजली. रखवालदार म्हातारा, काडीसारखा. चहावाला बुटका. दादाचे दोन मदतनीस, दोघेही सडपातळ, राखाडी शर्ट. आर्किटेक्ट टक्कल आणि पांढरा सदरा. राहिला वायरमन. जाड. आणि वाईनच्या रंगाचा स्वेटर.

वायरमन! चाळिशीचा बाप्या!

१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहायची इच्छा नाही, पण न लिहून झालेलं पुसलं जाणार नाही.

पंचवीस नंबरच्या खोलीत पाणसळ लावत होतो आणि बोर्ड उघडायला वायरमन आला. तिला म्हणाला, "ताई, जरा सरका." तेवढ्यानेच माझं डोकं फिरलं. ताई काय म्हणतो, ढोंगी! मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, "दारात उभं राहून काय बघतोस रे रोज?"

तो इतका गोंधळला की प्रतिकारही केला नाही. "अरे बाबा, मी वायरी बघतो! मला तीन मुली आहेत, वरून मधुमेह! मला स्वतःच्या चपलांकडे बघायला वेळ नाही!"

मी ढकलला त्याला. तो तिवईवर गेला, तिवई आडवी. कॅमेरा तिने झेलला, काठी टाकून, दोन्ही हातांनी. पाणसळ निसटून लादीवर पडली आणि तिच्या काचेला तडा गेला.

दादा कुठून आला कोणास ठाऊक. लगेच आला, जणू शेजारीच होता. मला बाजूला सारलं. वायरमनसमोर हात जोडले. "माझा धाकटा आहे. चुकलं त्याचं. माझ्याकडे बघून सोडून द्या." वायरमन कॉलर नीट करत म्हणाला, "तुमच्याकडे बघूनच सोडतो, साहेब. पण याला आवरा. असा भेटेल त्याला धरत सुटला तर एक दिवस कोणीतरी धरणारा भेटेल."

ती कॅमेरा छातीशी धरून उभी होती, डोळ्यांत पाणी. दादाकडे बघत होती. त्याने मला मारू नये म्हणून असेल. काळजी वाटते तिला माझी. मग त्या जाड्याला का बघते?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काम. चार खोल्या. ती काठी धरते, बोलत नाही. बुडबुडा तड्याच्या आड जातो, पण मध्ये आला की कळतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मामाकडे फोटो घेऊन गेलो. अठरा नंबर उघडला आणि म्हटलं, "मामा, वायरमन तर नाही म्हणतो, मग हा जाड्या कोण ते मला शोधायचंय."

मामाने चष्मा वर केला, खाली केला. "जाड्या कशावरून?"

"दिसतोय की."

"कडेला आहे तो. ही लेन्स कडेला सगळं ताणते. मधला माणूस जसाच्या तसा, कडेचा माणूस पसरट. मी तुला माणूस मधोमध म्हणालो ते काय हौस म्हणून? आणि या कडा जांभळ्या का, ते तरी विचारलंस?"

"त्याचा शर्ट जांभळा आहे."

"अरे भिंतपण जांभळी आहे. बघ. दाराची चौकटपण. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेला इतक्या तिरक्या उजेडाची सवय नाही, म्हणून कडेला असा रंग चढतो. मी लेन्ससमोर पांढरा कागद धरून एक फोटो काढतो आणि यातून वजा करतो. तुला शिकवायचं राहिलं, माझी चूक."

त्याने कागदाचा फोटो लावला, दोन-तीन ठिकाणी दाबलं. आधी भिंत पांढरी झाली. मग चौकट तपकिरी. मग ताण काढला आणि तो दंड आक्रसत आक्रसत बारीक झाला. शर्ट राखाडी झाला.

कोपराला ठिगळ होतं. हिरव्या दोऱ्याने शिवलेलं.

मामाने चष्मा काढला. उठून म्हणाला, "चहा टाकतो." मामा स्वतः कधी चहा टाकत नाही.

मी दार आपटलं का ते आठवत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कामाला गेलो नाही. ताप आहे असा निरोप दिला. दादा सकाळी दारात येऊन कपाळाला हात लावायला वाकला, मी भिंतीकडे वळलो.

तो गेल्यावर पहिल्या बारा खोल्यांचे मूळ फोटो उघडले. न कापलेले. मी कापलं होतं ते सगळं तिथेच होतं, शहाण्यासारखं वाट बघत. दोन नंबरमध्ये दारातून आत आलेली सावली. सात नंबरमध्ये एक बूट. नऊमध्ये भिंत ठोकायची छोटी हातोडी, पट्ट्यात खोचलेली, तिचा लाकडी दांडा मला झोपेतही ओळखू येईल.

आणि तीन नंबर. तीन फेब्रुवारी, अकरा वाजून दहा मिनिटं. डाव्या कोपऱ्यात, जिकडे जमीन वाहत होती तिकडे, चार बोटं आणि दोन चहाचे कप, दोन्हींचे कान एकाच हातात धरलेले. दादा घरी पण असेच धरतो, एक आईचा, एक माझा. ती त्या कपांकडे बघून हसायला लागलेली आहे. हसू माझ्याकडे यायच्या आधीच निघालं होतं. बादलीचं वाक्य नंतरचं.

म्हणजे माझं आयुष्य बदललं त्या क्षणाच्या फोटोत मी नव्हतोच. मी फक्त बटण दाबलं.

मग एकेक आठवत गेलं. आईंचा गुडघा. दारं आपटतोस म्हणे. जेवलास का रे. दिराला विचारतात तसं विचारत होती ती, आणि मी रस्त्यात ते म्हणत फिरत होतो. पाण्यात तोंड बुडवून ओरडावंसं वाटलं. बादली भरली पण. मग आई म्हणाली, "आंघोळ करणार आहेस का नुसता बघत बसणार आहेस?"

आईला सांगून टाकावं असं वाटलं. आत्ताच्या आत्ता, सगळे फोटो पसरून. बघ तुझा गुणी मुलगा. जिभेवर होतं. ती गुडघा चोळत बसली होती, म्हणून राहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची खोली. एकेचाळीस नंबर, वरचं लांब दालन, जिथे वीस खाटा असायच्या. एवढ्या लांबीला आर्किटेक्टला दोन काठ्या हव्या होत्या. दुसरी कोण धरणार? ती म्हणाली, "बोलावू का कोणाला?" मी म्हटलं, "दादाला बोलव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गेली.

दादा आला, काठी घेऊन उभा राहिला. मी भिंगाचा डोळा लावून चौकट बघितली आणि म्हटलं, "दादा, तू डावीकडे हो. अजून. अजून. भिंतीला चिकट." तो सरकत गेला. पार कडेला. तिथे तो पिंपासारखा दिसला असता, कायमचा, आर्किटेक्टच्या फायलीत. सूड म्हणून एवढंच सुचलं मला. माझीच मला लाज वाटली, पण लगेच नाही. मी डोळा काढला, पाणसळ लावली, बुडबुडा तड्यापाशी आणला. मध्ये. आता मान वर करायची नाही, नुसतं बटण.

मी मान वर केली. ते दोघं दालनाच्या दोन टोकांना उभे होते, हातात काठ्या, रखवालदारांसारखे, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते. एकमेकांकडे नाही. माझ्याकडे, घाबरून. दादा घाबरलेला मी कधी बघितला नव्हता. भिंत अंगावर पडेल का, हे जो रोज बोटांनी बघतो, तो.

"दादा," मी म्हटलं, "मध्ये ये. तिच्या शेजारी."

"काठी इथे हवी ना?"

"काठी टेकव भिंतीला. ती पडत नाही. तू मध्ये ये. कडेला माणूस ताणला जातो."

तो आला. दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून उभे राहिले. मी बटण दाबलं. तिने डोळे पुसले ते फोटोनंतर, ते आलं नाही.

जिन्यात दादा म्हणाला, "मी तुला सांगणार होतो."

"कधी?"

"तू कॉलेजात परत गेलास की. आई म्हणाली असती, आधी धाकट्याचं मार्गी लागू दे. म्हणून थांबलो. तीही थांबली."

"वर्षभर?"

त्याने मान डोलावली.

"आणि मी तिच्याबद्दल तुला विचारत होतो तेव्हा? घास चावत बसलास!"

"मला वाटलं उतरेल तुझं. पहिल्यांदाच इतका खुशीत होतास. माझ्या तोंडून निघेना."

"माझ्यासाठी थांबायला मी सांगितलं होतं?" मी ओरडलो. जिना रिकामा, आवाज चार मजले फिरून आला. "तू त्या कॉलेजातपण गेला असशील! काच बसवायला!"

तो पायऱ्यांकडे बघायला लागला, आणि मला कळलं की गेला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पायरीवर बसून लिहितोय. सकाळचे सव्वासात.

काल दिवसभर एकेचाळीस फोटोंच्या कडा जांभळ्याच्या पांढऱ्या केल्या. एकही कापला नाही. ज्यांत दादाचा दंड आहे, खांदा आहे, तेही तसेच. आर्किटेक्टने विचारलं तर सांगेन, भिंती बघणारा माणूस आहे, तिथेच होता.

मोठेपणा वगैरे काही नाही. आज सकाळी दादाचा टॉवेल दोरीवर दिसला तरी ओढून फेकावासा वाटला. ती या घरात येईल, मला जेवलास का विचारेल, आणि मला रोज हो म्हणावं लागेल. ते कसं करायचं, कुठे बघायचं, हे मामालाही माहीत नसेल.

पण वर्षभर दोन माणसं माझ्यासाठी दाराबाहेर उभी होती आणि मी त्यांना कापत होतो. तेवढं तरी थांबवता येतं.

एकेचाळीस नंबरचा फोटो छापून घेतलाय. सरळ आहे. मधोमध दोघं, जसे आहेत तसे, दादा बारीक, ठिगळ दिसतंय. मागे लिहिलं, "आईला तू सांग. आज. माझं नाव पुढे करू नकोस." दादा आंघोळीला गेला होता. त्याच्या डब्याखाली ठेवला. आई मशीनपाशी होती, मान खाली, सुईत दोरा ओवत.

पिशवीत फोटोंचं कार्ड आहे, आर्किटेक्टकडे द्यायचं. त्याआधी वायरमनला गाठायचंय, तो साडेसातला येतो. काय म्हणायचं ते ठरवलेलं नाही. कॉलर तरी धरणार नाही.

बाहेर आलो. दाराची कडी हातात धरून ठेवली, सवयीने हात मागे गेलाच होता जोरात ओढायला. धरून ठेवली, आणि दार हळू हळू आणलं, चौकटीला लागेपर्यंत. बोटं निघाली तेव्हा नुसता टक असा आवाज.

आतून आई दादाला म्हणत होती, "हा अजून गेला नाही का रे? दार वाजलं नाही."